सीटखालचं बटण

एक काळ असा होता की आमच्या चाचक गावात कॉफी प्यायला बसलेला माणूस आधी खिशातून गाडीचा एखादा तुकडा काढून टेबलावर ठेवायचा. कुणी रोटर, कुणी कॉइलची वायर. नव्वदच्या त्या वर्षांत चोर इतके माजले होते की गाडी उभी करायची तर तिचं काळीज काढून सोबत न्यावं लागे. नेवेनाच्या बाबांना, वितोमिरना, हा सगळा बावळटपणा वाटायचा. त्यांनी इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाची वीज तोडणारं एक बटण गाडीत लपवलं आणि कुठे लपवलं ते बायकोलासुद्धा सांगितलं नाही. "दोघांना कळलं की ते गुपित राहत नाही, गावगप्पा होते," म्हणायचे. पुढे चोऱ्या थांबल्या. नेवेनाने विचारलं तेव्हा म्हणाले, "काढून टाकलं ते." सगळ्यांनी विश्वास ठेवला. आमच्या लोकांना चोर ओळखता येतो, घरचा खोटारडा ओळखता येत नाही.

आता बाबांना पोरीचं नाव आठवत नव्हतं. वसंत ऋतूपासून ते तिला "बाई" म्हणत आणि तिने सूप पुढे ठेवलं की आभार मानत. त्या आभारांनी ती जेवढी रडली, तेवढी आईच्या मरणावेळीही रडली नव्हती. गाडी मात्र ते ओळखायचे. लाल रंगाची जुनी झास्तावा, जिला आम्ही सगळे स्टोयादिन म्हणतो. अंगणात गेले की तिच्या टपावर हात ठेवून म्हणायचे, "ही माझी."

याच गाडीने ते येलित्सा डोंगराच्या चढणीच्या शर्यती मारायचे. एरवी रविवारी लहानग्या नेवेनाला मागे बसवून न्यायचे आणि शेवटच्या वळणाला ओरडायचे, "नेवेना, धर!" मग ती दोन्ही हातांनी पुढची सीट धरायची. नेवेनाला एवढंच हवं होतं. ते वळण यावं, गाडीने तशीच ओढ घ्यावी आणि ते नाव एकदा त्यांच्या तोंडून निघावं. डॉक्टरांना तिने विचारलं नाही. ते नाही म्हणाले असते तर?

जुनं इंजिन दमलं होतं. पण बाबांनी कधीकाळी हौसेने आणलेला, इंजिनाचा जोर वाढवणारा टर्बो कपाटात पडून होता. तिने तो बसवला. टर्बोला पेट्रोल जास्त लागतं, म्हणून मोठा पंप घातला. पंपाला वीज जास्त लागते, म्हणून बॅटरीपासून जाड वायर ओढली, नवा रिले लावला. ती स्वतः बस डेपोत वायरिंगचं काम करायची, तिला हे नवं नव्हतं. अंगणात गाडी वाघासारखी गुरगुरायची. चढ लागला, पाय दाबला की खोकायची, आचके द्यायची आणि लंगडत परत यायची.

बाबांचा शर्यतीतला जोडीदार ग्वोझदेन काका रोज कुंपणावर टेकून तमाशा बघायचा.

"फिल्टर बदललास, पंप दुसऱ्यांदा बदललास. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला चाललंय तुझं!"

"काका, पंपाला पूर्ण वीज पोचतेय. मी मोजलीय."

"पोचतेय म्हणे. मग पंपच तुझ्यावर रुसलाय का?"

एकदा काका जेवायला गेला आणि ती इंजिन तपासत असताना पायडल दाबून धरायला कुणी उरलं नाही. म्हणून तिने बाबांना डावीकडे, स्टीअरिंगमागे बसवलं. इतके दिवस त्यांना त्या सीटवर बसू दिलं नव्हतं. इंजिन चालू होतं. बाबांनी थोडा वेळ पायडल दाबलं, मग कंटाळले आणि दार उघडून उतरायला लागले. उतरता उतरता त्यांचा डावा हात सहज खाली गेला, सीट आणि दाराच्या मधल्या फटीत. तट् असा आवाज झाला. दोन श्वासांत इंजिन बंद पडलं.

नेवेना तिथेच खाली बसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! वीज पंपाकडे जाते ती वाट तिने दहादा मोजली होती. पंपाकडून परत येते ती वाट मोजलीच नव्हती. परतीच्या वायरीवर, त्या फटीत गालिच्याखाली ते बटण होतं, तीस वर्षांचं, गंजलेलं, लहानशा पंपाच्या मापाचं. मोठ्या पंपाचा भार आला की ते तापायचं आणि पंपाचा गळा दाबायचं. तिने ते उपटून काढलं, नवी जाड वायर थेट जोडली आणि बाबांच्या गालाचा मुका घेतला.

"आभारी आहे, बाई," बाबा म्हणाले.

रविवारी तिने बाबांना शेजारी बसवलं. गाडी चढाला लागली, पण खोकली नाही. टर्बोची शिट्टी वाजली, पाठ सीटला चिकटली, बाबा हसायला लागले. शेवटचं वळण आलं.

"नेवेना, धर!"

नेवेनाच्या डोळ्यांसमोर रस्ता धूसर झाला. "धरलंय, बाबा! धरलंय!"

वर पोचल्यावर त्यांना त्यांच्या सीटवर बसायचं होतं. तिने बसवलं. ते स्टीअरिंग धरून बराच वेळ खाली गाव बघत होते. मग उतरायला लागले. डावा हात फटीत गेला. चाचपला. पुन्हा चाचपला.

"ही माझी गाडी नाही."

"तुमचीच आहे बाबा, बघा ना—"

"चोरली! माझी गाडी चोरली तुम्ही!" ते मागच्या सीटकडे वाकले, टपावर मुठी आपटायला लागले. "आत माझी पोर होती. आत्ता होती. ओ बाई, माझी पोर कुठे नेलीत?"

नेवेनाने त्यांना मिठीत धरलं तर त्यांनी तिला ढकललं. घरी परतेपर्यंत ते खिडकीतून प्रत्येक गाडीत आपली पोर शोधत होते.

दुसऱ्या दिवशी तिने भंगाराच्या डब्यातून ते बटण काढलं, पुसलं आणि होतं तिथेच बसवलं. एकही वायर जोडली नाही. ग्वोझदेन काका कुंपणापाशी होता, पण या खेपेला त्याने चेष्टा केली नाही.

मग तिने बाबांना आणून बसवलं. ते बसले, उतरले. हात फटीत गेला. तट्.

"आता कुणाची टाप नाही न्यायची," बाबा म्हणाले. त्यांनी टपावर हात ठेवला. "ही माझी."

"तुमचीच, बाबा," ती म्हणाली, जरा मोठ्यानेच.

"श्श! ओ बाई, हळू बोला," बाबा कुजबुजले. "मागे पोर झोपलीय माझी."

नेवेनाने मागच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हो," ती म्हणाली. "झोपू दे तिला."