गराडूचे नाक

मित्रांनो, मी इंदूरच्या परदेशीपुऱ्यातला एक म्हातारा कुत्रा आहे. वय वर्षे बारा. हल्ली मला एका जागी बसवत नाही. ओट्यावर बसलो की आत जावेसे वाटते, आत गेलो की पुन्हा ओटा आठवतो. उजव्या नाकपुडीतून वारा जात नाही, त्यामुळे तोंड उघडे टाकून धापा टाकत घरभर फिरतो.

माझे नाव गराडू. एका थंडीत गराडू नावाच्या कंदाच्या फोडी तळणाऱ्या गाडीखाली, शेगडीच्या उबेला, मी वासुदेवरावांना सापडलो. त्यांनी मला स्वेटरच्या आत घालून घरी आणले. ते वीज कार्यालयात कारकून होते, आता निवृत्त आहेत. घरात त्यांच्या पत्नी शैलजाबाई आणि पलासिया भागातल्या बँकेत काम करणारी मुलगी क्षितिजा. इतकेच आमचे कुटुंब.

मी कधी चोर पकडला नाही. खोटे कशाला सांगू? पण माझे नाक तल्लख होते. क्षितिजाची स्कूटर गल्लीच्या तोंडाशी वळली की मला कळे, मी शेपटी हलवत दाराशी जाई आणि शैलजाबाई चहाचे आधण ठेवत. "घडी कशाला बघू? आमचा गराडू आहे ना!" असे त्या शेजारणींना कौतुकाने सांगत. अभिमानाने मान फुगून माझी कॉलर दोन बोटे घट्ट होई.

मग शिंका सुरू झाल्या. एकामागून एक, अगदी डोके जमिनीवर आपटेपर्यंत. त्याचे कारण घरात सगळ्यांना लगेच सापडले. वासुदेवराव रोज सकाळी नाक्यावरून पोहे आणत आणि बायकोची नजर चुकवून मूठभर मला देत. इंदुरी पोहे म्हटले की वर जीरावनाचा झणझणीत मसाला आलाच.

"बाबा, जीरावन टाकलेले पोहे खिलवता त्याला! मग छींक नाही येणार तर काय होणार?" क्षितिजा म्हणाली.

वासुदेवरावांनी पोह्यांचा पुडा पाठीमागे लपवला. माझे पोहे बंद झाले, तरी शिंका थांबल्या नाहीत. शैलजाबाईंना वाटले, नवरा अजून चोरून देतो आहे. वासुदेवरावांनी शपथ घेतली, पण एकदा चोरी उघडी पडलेल्या माणसाच्या शपथेवर कोण विश्वास ठेवतो? शेवटी वासुदेवरावांनी घरातली जीरावनाची बरणीच शेजाऱ्यांना देऊन टाकली. डॉक्टरकडे जावे हे मात्र कोणालाच सुचले नाही. या मसाल्याच्या भांडणात तीन महिने गेले.

एके दिवशी क्षितिजा घरात आली आणि मी तिच्यावरच भुंकलो. तिचा वासच मला आला नव्हता. ती दारातच थबकली. भुंकता भुंकता मला शिंक आली आणि पांढऱ्या फरशीवर रक्ताचे थेंब उडाले.

दवाखान्यात डॉक्टर निधींनी माझ्या नाकाचे फोटो काढले. आत गाठी होत्या. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, नाकाचे हाड उघडून मोठे ऑपरेशन करायचे. दुसरी, नाकपुडीतून बारीक नळी घालून हाती लागेल तेवढे काढायचे आणि त्याचा तुकडा तपासायचा.

"खोलून टाका डॉक्टरजी, एकदाच सगळं साफ करा," वासुदेवराव म्हणाले.

"बाबा, बारा वर्षांचा आहे तो. बेहोशीतून उठलाच नाही तर?"

घरी आठवडाभर हेच चालले. वासुदेवराव येरझाऱ्या घालत आणि मी त्यांच्या मागे. शैलजाबाईंच्या भाज्या करपू लागल्या. ज्याचे नाक कापायचे, त्याला कोण विचारणार?

अखेर आधी नळी घालायचे ठरले. शुद्धीवर आलो तेव्हा पहिल्यांदा फिनाईलचा वास आला, मग क्षितिजाच्या ओढणीचा. मला इतका आनंद झाला की उभे राहता येत नसताना मी उभा राहिलो आणि पडलो.

पण तपासणीचा निकाल वाईट आला. गाठी पुन्हा वाढणार होत्या. "हाड उघडलं तरी सगळं मुळापासून निघणार नाही," डॉक्टर निधी म्हणाल्या. "जखम भरायलाच महिना-दीड महिना जाईल. नाहीतर गोळ्या देऊन दुखणं आटोक्यात ठेवू. किती दिवस, ते नाही सांगता येत."

"तरी पण खोला," वासुदेवराव म्हणाले.

क्षितिजाने त्यांचा हात धरला. "बाबा, खरं सांगा. ऑपरेशन गराडूला पाहिजे की तुम्हाला?"

ते बराच वेळ माझ्या कपाळावर हात फिरवत राहिले. "मला पाहिजे," ते म्हणाले. "तीन महिने मी जीरावन, जीरावन करत बसलो. आता काहीतरी मोठं केलं नाही, तर मी याला तोंड कसं दाखवू?" आणि भर दवाखान्यात ते हुंदके देऊन रडले. मी त्यांचा हात चाटला. मला दुसरे काही येत नाही. मग त्यांनी डोळे पुसले. "नको कापायला. गोळ्या लिहून द्या."

मित्रांनो, तुमच्या घरातला मुका जीव शिंकू लागला, लंगडू लागला किंवा जेवेनासा झाला, तर घरबसल्या कारण ठरवू नका. त्याला लवकर डॉक्टरकडे न्या. आणि उशीर झालाच, तर त्याचे प्रायश्चित्त आमच्या अंगाला भोगायला लावू नका. मला एका जागी बसवत नाही, घरभर फिरतो, दम लागतो, हे सगळे खरे आहे. पण उरलेले दिवस नाकाला टाके घालून दवाखान्याच्या पिंजऱ्यात काढायचे की माझ्या माणसांच्या पायांत घुटमळत, एवढेच ठरवायचे होते. वासुदेवरावांनी ते रडत का होईना, माझ्यासाठी ठरवले.