सहावा गिअर कोणी टाकला

माझ्या आत्यानं निवृत्त झाल्यावर स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा घरातल्या प्रत्येकाला अचानक गाडीतलं सगळं कळायला लागलं. दोनच सीटची, जमिनीला टेकल्यासारखी दिसणारी, आधी कोणीतरी वापरलेली गाडी. सहा गिअर, आणि तेही हातानं बदलायचे. आत्या भूलतज्ज्ञ होती. ऑपरेशनच्या टेबलावरच्या माणसाला झोपवायचं आणि सुखरूप जागं करायचं, यात तिचं आयुष्य गेलेलं. पण गाडी दारात आली आणि ती सगळ्यांच्या लेखी नवशिकी झाली.

सर्वांत मोठे जाणकार माझे बाबा. तिचे थोरले भाऊ, शिवाय शाळेचे मुख्याध्यापक राहिलेले, त्यामुळे समोरचा ऐकतोय की नाही हे बघायची सवय त्यांना कधी लागलीच नव्हती. गाडीबद्दल त्यांचं एकच तत्त्व होतं: टॉप गिअर जितक्या लवकर टाकाल तितकं बरं. इंजिनाला आराम आणि पेट्रोलची बचत. आत्या गल्लीतून बाहेर पडते न पडते तोच यांचं सुरू व्हायचं, इंजिन ओरडतंय, सहावा टाक. आत्या सांगायची की ते ओरडत नाहीये, काम करतंय. सहावा गिअर मोकळ्या, सपाट रस्त्यावर एका वेगानं जात राहायचं असेल तेव्हाचा. चढ असला, वळण असलं, कोणाला मागे टाकायचं असलं की गाडीत जोर लागतो, आणि तो खालच्या गिअरमध्ये मिळतो. बाबा खिडकीबाहेर बघत म्हणायचे, मग कंपनीनं तो दिलाय कशाला?

एकदा दोघं एका आजारी नातलगाला भेटायला निघाले. वाटेत डोंगराचा लांबलचक चढ, आणि पुढे एक टँकर धापा टाकत चाललेला. वरपर्यंत रस्ता मोकळा दिसला तशी आत्यानं गाडी बाहेर काढली. क्लच दाबून ती चौथ्यातून तिसऱ्यात जाणार, इतक्यात बाबांचा हात तिच्या हातावर पडला आणि त्यांनी दांडा खेचून सहाव्यात घातला.

क्लच सुटला आणि गाडीतला जीवच गेला. अॅक्सिलरेटर पार खाली दाबला तरी नुसती घरघर. टँकर शेजारी जिथल्या तिथे, आणि वरच्या वळणावरून एक बस खाली येऊ लागली. आत्यानं ब्रेक मारला, टँकरला पुढे जाऊ दिलं आणि कशीबशी त्याच्या मागे शिरली. बस इतक्या जवळून गेली की गाडी हलली. पुढे जागा मिळताच तिनं गाडी कडेला लावली. शेजारून बाबा म्हणाले, जरा बघून चालवावी.

घरी आल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना सांगितलं की ऐन वेळी हिचा गिअर चुकला, थोडक्यात वाचलो.

यावर आमच्या घरानं जे केलं ते आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. माझ्या भावानं आत्याच्या पर्समधून गाडीची किल्ली काढून घेतली. अगदी गोड आवाजात. म्हणाला, आत्या, आता वय झालं, राहू दे माझ्याकडे. आणि कपाटात ठेवूनसुद्धा टाकली, जणू लहान मुलाच्या हातून कात्री घेतली.

आत्या जेवत होती. तिनं घास ताटात ठेवला.

"दादा, गिअर कोणी टाकला?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "तू घाबरली होतीस. तुला नीट आठवत नसेल."

"मला आठवत नसेल?" आत्या म्हणाली. "लोकांचा श्वास माझ्या हातात असायचा, दादा. तेव्हा मी काही विसरले असते तर माणसं टेबलावरच राहिली असती."

ती उठली, हात धुतले आणि रिक्षानं घरी गेली. गाडी आमच्या दारात तशीच उभी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती परत आली. भाऊ कामावर गेला होता. आईनं कोणालाही न विचारता कपाट उघडलं आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली. "वन्सं, वस्तू तुमची. आम्ही कोण ठेवणार?" एवढंच बोलून ती आत गेली.

आत्यानं ती किल्ली बाबांपुढे धरली. तोच चढ, तीच गाडी, आज चालव तू, म्हणाली. नाही म्हणणं म्हणजे कबूल करणं, हे बाबांनाही कळत होतं. ते निघाले.

पुढचं मला दोघांनीही सांगितलं, आणि आश्चर्य म्हणजे दोघांचं सांगणं जुळलं. बाबांनी चढाच्या पायथ्याशीच सहावा टाकला. थोडं अंतर गाडी गेली, मग थरथरायला लागली. वेग घसरत चालला. त्यांनी पाय दाबला, आणखी दाबला, गाडी ढिम्म. मागे रांग लागली, हॉर्न सुरू झाले. आत्या चकार शब्द बोलली नाही. शेवटी बाबांनी चौथा टाकला, मग तिसरा, आणि गाडीनं अशी उसळी घेतली की त्यांचं डोकं मागच्या उशीवर आपटलं.

माथ्यावर पोचल्यावर रस्ता सरळ, सपाट झाला. चौथा, पाचवा झाला, वेग स्थिरावला. तेव्हा आत्या म्हणाली, "आता टाक सहावा." त्यांनी टाकला. इंजिनाचा आवाज मंद झाला, गाडी अलगद पळत राहिली.

"तुला हे माहीत नव्हतं, याचा मला राग नाही," ती म्हणाली. "तू माझ्या तोंडावर खोटं बोललास आणि मला वेडी ठरवलंस. ते घरी जाऊन सगळ्यांसमोर सांगायचं. आजच."

बाबांनी सांगितलं. रात्री जेवताना, आमटीच्या वाटीत बघत, परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखं: गिअर मी टाकला होता. भाऊ हसून म्हणाला, जाऊ दे ना आत्या, कोणाला लागलं तर नाही.

"जाऊ कसं द्यायचं?" आत्या म्हणाली. "बस खाली येत होती. आणि पर्समध्ये हात कोणी घातला होता? त्याचं काय?"

भावाचं हसू मावळलं. त्यानं माफी मागितली, पण ती घशातून ओढून काढल्यासारखी. आत्यानं ती घेतली की नाही, मला सांगता येणार नाही.

बाबांशी ती पुष्कळ दिवस बोलली नाही. त्यांचा फोन आला की तब्येत ठीक आहे एवढं सांगून ठेवून द्यायची. मग एका रविवारी दारात हॉर्न वाजला. बाबा चप्पल शोधत घाईघाईनं बाहेर गेले. मी खिडकीतून पाहिलं. दार उघडायच्या आधी आत्या काच खाली करून त्यांना काहीतरी बजावत होती, आणि बाबा, आयुष्यभर शाळेला गप्प बसवलेले माझे बाबा, मान हलवत ऐकत होते.