शेवग्याचं पाणी

गुणाबाईच्या हातच्या जेवणाला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. आणि परवा विहीणबाई चारचौघांत बोलून गेल्या, की सासरी आल्यापासून पोर वाळत चाललीय! सून सुकन्या गरोदर, अंगात रक्त कमी, रक्तवाढीची फॉलिकची गोळी घेतली की उलटी. म्हणून तर गुणाबाई दारच्या शेवग्याचा पाला रोज शिजवून तिला आग्रहाने वाढायची. वर हे ऐकायचं? तिच्या डोक्यात राख गेली.

त्यामुळे भाची निशा एम.एस्सी.च्या, फॉलिक तपासायच्या प्रयोगाचं सामान घेऊन नारपोलीत तिच्या घरी आली, तेव्हा गुणाबाईने भाजीच तिच्यापुढे सरकवली. एकदाचं कळू दे म्हणावं विहीणबाईंना.

अंधार हवा म्हणून भरदुपारी दारं-खिडक्या लावल्या. शेजारचे कापडाचे लूम खटखटतच होते. बाटलीत अंड्याचा पांढरा भाग आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे सोन्याचे पुंजके आहेत, असं निशाने सांगितलं. सोनं, आणि दिसत नाही? पोरगी थापा मारतेय, असंच गुणाबाईला वाटलं. निशाने जांभळा दिवा लावला आणि बाटली आतून लालभडक उजळली. गुणाबाईचे हात आपोआप जोडले गेले.

भाजीत फॉलिक असेल तर हा लाल उजेड मंदावेल, निशा म्हणाली. भाजीचा गाळलेला रस आत पडला. लाल जेमतेम उतरला. गुणाबाईचं तोंडच उतरलं. भाजी करतेस कशी, निशाने विचारलं. कशी म्हणजे? पाला खळखळून उकळायचा, घट्ट पिळायचा, कडवट पाणी शेवग्याच्या बुडाशी ओतायचं. सासूने शिकवलं तसंच.

आजचं पाणी अजून पातेल्यात होतं. निशाने ते गाळून, पातळ करून दुसऱ्या बाटलीत थेंबभर सोडलं. लाल बघता बघता मावळला.

गुणाबाई बाटलीपाशी वाकली. केवढंसं ते सोनं, आणि इतक्या वर्षांत घरात कुणाला दिसलं नाही ते त्याला दिसलं! तिने दार उघडलं. शेवगा पत्र्याच्या वर फोफावला होता. सगळी आळी त्याचं कौतुक करायची.

"माझ्या सुनंचं ताट तूच खात व्हतास," ती त्याला म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

गोळी बदलून घ्यायला डॉक्टरकडे जायचंच, असं निशाने बजावलं. गुणाबाईने मान हलवली, पातेलं चुलीवर चढवलं आणि त्याच पाण्यात भाकरीसाठी तांदळाचं पीठ घातलं.

"सुकन्ये, आईला फोन लाव," पीठ ढवळता ढवळता ती म्हणाली. "सांग, त्या बोलल्या ते खरं हाय. आन म्हणावं, भाकर खायला या."