हंगामाच्या सणाला वाहिलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी व्हीलचेअर आहे, आणि स्वभावाने जरा तिरसट आहे, हे आधीच सांगून ठेवते. माझा जन्म सांगलीच्या एका वर्कशॉपात झाला. सात वर्षे एका म्हाताऱ्या फौजीची चाकरी केली. तो गेल्यावर त्याच्या घरच्यांनी मला वडूजजवळच्या एका लहानशा चर्चला देऊन टाकले.

तिथून मी अंकिताकडे आले. अंकिता नऊ वर्षांची. तिच्या पायांत जन्मापासून बळ नाही. माझे डावे चाक कुरकुरले की ती त्यात खोबरेल तेल सोडायची आणि मला थोपटायची. शाळा, नळ, शेळ्यांचा गोठा, जाऊ तिथे आम्ही दोघी. माझे इतके लाड कुणीच केले नव्हते हो!

एका रविवारी संडे स्कूलमध्ये लीलाबाईंनी पांगळ्या माणसाला प्रभूने उठवल्याची गोष्ट सांगितली. गोष्ट रंगली, तेवढ्यात उपासनेची घंटा झाली आणि बाई तिथेच थांबल्या. बाहेर आल्यावर तिच्या वर्गातला सूरज अंकिताला म्हणाला, "अंके, तू अजून खुर्चीत बसतीस, म्हंजे तुझा इस्वास कमी हाय. खुर्ची प्रभूला देऊन टाक. मग पाय देतोय का न्हाई बघ!"

पोरगा वाईट नव्हता. तिच्यासाठी तो रोज प्रार्थना करायचा. पण मला असा संताप आला! अरे मेल्या, गप बस की! पण खुर्चीचे कोण ऐकतो?

आमच्याकडे हंगामाचा सण असतो. मंडळी शेतातले पहिले पीक, भोपळे, कोंबड्या वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. वाहिलेली वस्तू परत मागायची नाही, अशी रीत आहे. त्या दिवशी अंकिताची आई चर्चच्या मागे प्रीतिभोजनाचा स्वयंपाक करत होती. अंकिता सतरंजीवर उतरली आणि पोरांनी मला ढकलत जोंधळ्याच्या कणसांत नेऊन उभे केले. कुणीतरी माझ्या चाकाला कोंबडा बांधला. मंडळींना वाटले, अंकिताला नवी खुर्ची मिळाली असेल, म्हणून जुनी वाहिली.

लिलाव सुरू झाला. मंडळीतल्या बाळासोंना हातगाडीसाठी चाके हवी होती. त्यांनी बोली लावली. माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. मला मोडतील, त्याचे काही नाही. पण माझ्या पोरीने उद्या जायचे कसे?

"ऊठ आता, अंके," पोरे कुजबुजली.

तिने बाकाची कड धरली. डोळे घट्ट मिटले. अर्धी उठली, आणि सगळ्या मंडळींसमोर तोंडावर आपटली. ओठ फुटला. रडता रडता ती म्हणाली, "माझा इस्वास कमी पडला, बाई!"

लीलाबाई धावत आल्या आणि तिच्याशेजारी फरशीवरच बसल्या. "कुणी सांगितलं गं तुला असलं?"

"तुमीच की," सूरज रडकुंडीला येऊन म्हणाला. "इस्वास असला की चालता येतं."

बाईंनी पदराने अंकिताचा ओठ टिपला. "माझं चुकलं, पोरांनो. गोष्ट अर्धी टाकून उठले. न चालणारं लेकरू प्रभूला तेवढंच लाडकं असतं, हे सांगायचंच राहिलं."

बाळासोंनी कोंबडा सोडला आणि मला तिच्याकडे ढकलत आणले. तरी ती बसेना. "दिलेलं परत घेतलं तर प्रभू रागावंल."

"न्हाई गं माझ्या बाय," बाळासो म्हणाले. "त्यानंच परत धाडलीया."

या गोष्टीला वर्ष झाले. माझे चाक अजून कुरकुरते आणि अंकिता अजून तेल सोडते. चर्चला तीन पायऱ्या आहेत. तिथे सूरज सगळ्यांच्या आधी मला उचलायला येतो. पण प्रार्थना सुरू झाली की सगळे डोळे मिटतात, अंकिता मिटत नाही. मला पुन्हा कुणी नेईल, या धास्तीने दोन्ही हातांनी मला गच्च धरून बसते.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही एखादी अंकिता असेल. ती कधी चालेल, हे तिला विचारू नका. तिला डोळे मिटून, हात मोकळे सोडून तुमच्याजवळ बसता यावे, एवढे मात्र करा.