वल्ह्याचे तीन ठोके

नदी समुद्राला मिळते तिथे पाण्याखाली दोन माईक सोडलेले होते, एक पुलापाशी आणि एक मुखाशी. किनाऱ्यावरच्या पत्र्याच्या खोलीत बसून ती माशांचे आवाज ऐकायची आणि कुठे किती मासे आहेत ते मांडायची. माईक सोडणं, साफ करणं हे थोरल्या भावाचं काम. होडी त्याची आणि टवाळीही त्याचीच. काम झालं की तो वल्ह्याने होडीच्या तळावर तीन ठोके द्यायचा.

"म्हणजे कळेल शास्त्रीणबाईंना, की दादा अजून बुडालेला नाही."

आज सकाळपासून दाट धुकं होतं. अर्ध्या तासाच्या कामाला दादा मुखाकडे गेला, त्याला दोन तास झाले. फोन लागेना. हेडफोनमध्ये नुसते मासे कुरकुरत होते, इंजिनाचा मागमूस नव्हता.

मग तिला आठवलं. होडीच्या आवाजात मासे झाकले जातात, म्हणून तो आवाज गाळणारा फिल्टर तिनेच कालपासून चालू ठेवला होता. तिने तो बंद केला.

ठक. ठक. ठक.

इंजिनाचा आवाज नव्हताच, म्हणजे ते बंद पडलं होतं. पुलाच्या माईकवर काही नाही. मुखाच्या माईकवर ठोके, तेही दर खेपेला आणखी बारीक. ओहोटी दादाला समुद्रात ओढून नेत होती. बिचारा कधीपासून ठोकत होता कोण जाणे! स्वतःला शिव्या घालत तिने बंदरावर फोन लावला.

"या धुक्यात शोधू कुठे, बाई?" लाँचवाला म्हणाला.

"मुखाबाहेर, ओहोटीच्या धारेत. मला ऐकू येतोय तो. निघा ना!"

लाँच मुखाशी आली आणि तिच्या घरघरीने सगळं गिळून टाकलं. दादा ठोकतोय की थांबलाय, कळायला मार्ग नाही. सवयीने तिचा हात फिल्टरकडे गेला. पण त्यात दादाही गाळला गेला असता. तिने हात मांडीखाली दाबून धरला. वहिनीला काय सांगायचं?

घरघर दूर जाऊन एकदम थांबली. पुन्हा मासे. एक मिनिट गेलं, दोन गेली. ती रडायलाच लागली.

तेवढ्यात तीन ठोके आले. लाकडावरचे नव्हते, लाँचच्या लोखंडी तळावरचे होते.