लाईन बरोबर होती

मी पट्टी बोलतेय. शाळेतली लाकडी नव्हे हं, टेलिप्रिंटरची, कागदाची, जेमतेम बोटभर रुंदीची. अंगभर भोकं आहेत म्हणून कीव करू नका. ही भोकं हीच माझी विद्या!

गंमत साधी आहे. माझ्या अंगावर एका ओळीत पाच जागा. कुठे भोक, कुठे कोरं. एक ओळ म्हणजे एक अक्षर. यंत्राच्या सुया माझी भोकं चाचपतात आणि दूरच्या शहरातलं यंत्र तेच अक्षर कागदावर छापतं. पण पाच जागांतून मांडण्या होतात अवघ्या बत्तीस. त्यात अक्षरं बसवा, आकडे बसवा... घर लहान आणि पाहुणे फार! मग शहाण्यांनी तोड काढली. एकाच मांडणीला दोन कामं. आधी चार भोकांची खूण आली, की पुढचं सगळं आकडे म्हणून वाचायचं. पाचही भोकं आली, की अक्षरं म्हणून.

आणि चूक झाली तर? कागदाचं भोक काही बुजत नाही. म्हणून पट्टी एक घर मागे घ्यायची आणि चुकीच्या जागी पाचही भोकं पाडून टाकायची. तिथे यंत्र काहीच छापत नाही. चूक गुडुप! मात्र पाच भोकं म्हणजे ‘आता अक्षरं’ अशीही खूण ना? तेव्हा आकड्यांमध्ये चूक पुसली, की लगेच चार भोकांची खूण पुन्हा द्यायची. हे विसरलात तर मेलात.

आमच्या बाई हे कधीच विसरल्या नव्हत्या. एकोणीस वर्षं टेलिप्रिंटर चालवत होत्या. सगळं तारऑफिस त्यांना बिनचूकबाई म्हणायचं. डोळे मिटून, नुसता अंगठा फिरवून पट्टी वाचायच्या. थोडा तोरा होता, पण शोभायचा.

त्या दुपारी नर्सिंगच्या परीक्षेत पास झालेल्यांचे नंबर पाठवायचे होते. पलीकडे वर्तमानपत्राचं ऑफिस. सहाला त्यांचं पान बंद होणार. बाई भराभर कळा दाबत होत्या आणि मी वळवळत बाहेर पडत होते. अर्धी यादी झाली आणि बाई ओरडल्या, "अगं बाई! आला की!"

त्यांच्या नणंदेचा नंबर होता तो. पोरगी दोनदा आपटलेली. घरात त्या नंबराची पारायणं झाली होती. बाईंचं बोट आनंदानं घसरलं, भलताच आकडा पडला. त्यांनी मला एक घर मागे घेतलं, पाच भोकं ठोकली, नंबर पुन्हा मारला आणि गुणगुणत पुढे निघाल्या. चार भोकांची खूण राहिली ती राहिलीच.

यादी संपली, मी पाठवायच्या यंत्रातून गेले आणि पावणेपाचला पलीकडून फोन. "अहो, अर्ध्या यादीनंतर नुसती अक्षरं येतायत! काही अर्थ लागेना."

"लाईन!" साहेब कडाडले. "या लाईननं वात आणलाय!" मला पुन्हा यंत्रातून सोडलं. पुन्हा तेच. मी तरी काय करणार? जे अंगावर आहे तेच सांगणार ना!

लाईनमनला बोलावलं. तो शिडी खांद्यावर घेऊन, घामाघूम होऊन आला. "साहेब, आत्ताच तपासली. लाईन ठीक आहे."

"तू ठीकच म्हणणार! चोर कधी म्हणतो का, मी चोर? साठ पोरी उद्या पेपर बघून रडत बसतील तुझ्यापायी." आणि साहेब त्याच्याविरुद्ध तक्रार लिहायला बसले. तो बिचारा दोरी गुंडाळत उभा राहिला. त्याला सवय होती.

तेवढ्यात बाईंनी मला उचललं. अंगठा फिरवत नणंदेच्या नंबरापाशी आल्या. पाच भोकं लागली. अंगठा पुढे सरकला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. बर्फासारखा गार पडला हो तो अंगठा!

खोटं कशाला सांगू, त्यांच्या मनात नको ते आलं. गुपचूप खूण चिकटवायची आणि म्हणायचं, ‘बघा, सुधारली लाईन!’ कुणाला कळणार होतं? मला कळलं असतं, पण मी मुकी. बाईंनी साहेबांच्या चालत्या पेनाकडे पाहिलं. मग लाईनमनच्या दोरी गुंडाळणाऱ्या हातांकडे.

"साहेब, ते लिहू नका," त्या म्हणाल्या. "लाईन चांगली आहे. चूक माझी आहे."

"तुमची?" साहेबांचं पेन हवेतच राहिलं.

"माझी. पोरीच्या आनंदात खूण द्यायची विसरले. दहा मिनिटं द्या."

मग कात्री चालली. मला कापलं! मध्ये चार भोकांचा तुकडा डिंकानं चिकटवला, ओळीला ओळ जुळवून. पावणेसहाला मी तिसऱ्यांदा यंत्रात शिरले. जीव मुठीत धरून गेले, मूठ नसताना. फोन वाजला. "आले! सगळे आकडे आले!"

बाई खुर्चीत बसल्या आणि मनसोक्त रडल्या. नणंदेसाठी की स्वतःसाठी, कुणी विचारलं नाही. मग डोळे पुसून त्यांनी नोंदवहीत लिहिलं, "लाईन बरोबर होती. चूक ऑपरेटरची." खाली सही. बिनचूकबाई हे नाव त्या संध्याकाळी गेलं. जाऊ दे, जडच झालं होतं ते.

लाईनमन अजून दारातच होता. पुढे येऊन त्यानं ती ओळ वाचली. "बाई, सव्वीस वर्षं खांबांवर चढतोय. काही बिघडलं की लाईन. ती बरोबर होती असं आजवर कुणी लिहून दिलं नाही. हा जोडलेला तुकडा मला द्याल?"

"कशाला हो?"

"घरी दाखवतो."

तेव्हापासून मी त्याच्या कपाटात, चष्म्याच्या डबीत राहते. टेलिप्रिंटर भंगारात गेले, माझा डिंक पिवळा पडला. तुम्हाला एवढंच मागणं आहे, की यंत्रातून भलतंसलतं उमटलं तर खांबावरच्या माणसाला बोल लावण्याआधी स्वतःचं बोट तपासा.

तो म्हातारा अजून आल्यागेल्याला मला दाखवतो. त्याला भोकं वाचता येत नाहीत. तरी थरथरता अंगठा माझ्यावरून फिरवतो आणि मोठ्यानं वाचतो, "लाईन... बरोबर... होती." माझ्यावर तसं काही नाही, नुसते परीक्षेचे नंबर आहेत. पण मी त्याला कशाला टोकू?