पास केलेली मोटर

कानात यंत्रं बसवून नऊ दिवस झाले होते आणि तेवढ्यात माझा घरातल्या प्रत्येकावरचा विश्वास उडाला होता. काय काय ऐकू यायला लागलं म्हणून सांगू! स्वतःचं चावणं, नळाची पिरपिर, बायकोचं पुटपुटणं. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रोज थोडा थोडा वेळ वाढवत चला, सवय होईल. त्या दिवशी दुपारीही ती घालून ठेवायची पाळी होती, म्हणून जेवून वर आडवा झालो तो यंत्रं न काढताच.

दुकान खाली, घर वर. धाकटा भाऊ जळक्या मोटरींना नवी तार गुंडाळतो. जुनं बेअरिंग ठेवायचं की बदलायचं, हे मात्र मी ठरवतो. मोटर चालू करायची, स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगपाशी टेकवायचं आणि मूठ कानापुढच्या हाडाला लावायची. आत खराबी असेल तर हाडातून कळते. मी मान हलवली की मोटर पास. पस्तीस वर्षं गिऱ्हाईक त्या मानेच्या भरवशावर येतंय. हे करताना यंत्रं मी काढून ठेवायचो. मूठ जवळ आली की मेली शिट्ट्या मारतात. आणि मोटर ऐकायला मला उसने कान कशाला हवेत?

तर आडवा झालो आणि खालून ठकठक आली. मग करकर. बेअरिंग ओढून काढताना होते, तीच. सकाळी मी पास केलेल्या मोटरींशिवाय दुकानात काही नव्हतं. मग हा उघडतोय काय?

दुसऱ्या दिवशी पास केलेल्या मोटरीच्या बोल्टवर गुपचूप रंगाचा ठिपका दिला. चार वाजता उतरलो, तर ठिपका तडकलेला! म्हणजे पाणी नक्की मुरत होतं. माझी चांगली बेअरिंग काढून हा भंगारातली बसवत असणार, आणि चांगली परस्पर विकत असणार. नाव कुणाचं जाणार? माझं! बरं, रोज जेवल्यावर "अहो, जरा पडा की" म्हणून मागे लागणारी कोण? बायको. तीही सामील. त्या रात्री तिने वाढलेलं मी मुकाट्याने जेवलो, पण तिच्या तोंडाकडे बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी "पडतो" म्हणालो आणि ठकठक सुरू होताच अनवाणी जिना उतरलो. सापडला रंगेहाथ! एक मोटर उघडी, हातात बेअरिंग.

"चोरा!" मी ओरडलो. माझाच आवाज कानात असा आदळला की मीच दचकलो.

धाकट्याने बेअरिंग खाली ठेवलं. बाजूची दुसरी मोटर, मी सकाळीच पास केलेली, त्याने चालू केली.

"ऐक, दादा."

"स्क्रूड्रायव्हर दे."

"नको. तिथूनच ऐक."

मोटर गुणगुणत होती. आणि त्या गुणगुणण्याखाली, पायाखाली वाळू रगडावी तशी, बारीक चिरचिर. चार हातांवरून ऐकू येत होती. शिकाऊ पोरालाही कळली असती.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली. सगळ्या नाही, दहातल्या तीन-चार."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं?"

"वहिनी म्हणाली, हे काम काढून घेतलं तर तू खाली उतरायचाच नाहीस."

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? लाजही वाटली आणि दोघांचा रागही आला. दोन वर्षं मला लहान मुलासारखं खेळवलं यांनी! पण मोटर अजून चालूच होती, त्यामुळे भांडायला तोंड उरलं नव्हतं.

तेवढ्यात त्याच मोटरीचा मालक दारात हजर. पिठाची गिरणी आहे त्याची.

"झाली ना? आपण स्वतः ऐकलीत ना?"

"हो, हो, दादानेच..." धाकट्याने घाईघाईने बटण बंद केलं.

"ऐकली," मी म्हणालो. "बेअरिंग गेलंय. उद्या या. हा तपासून देईल."

"अहो, पण सकाळीच तर तयार आहे म्हणून निरोप आला!"

धाकटा माझ्याकडे बघायला लागला. जिन्यावर बायको येऊन उभी होती.

"सकाळी मला ऐकू आलं नव्हतं," मी म्हणालो.